झुवैनाकाकीचा पेटारा

मुलांनो, डोळे मिटा आणि एक जड पेटारा डोळ्यांसमोर आणा. सागवानी, पितळी खिळ्यांनी मढवलेला, वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात बसलेला. आत कपडे, भांडी, गाठोडी, सगळा संसार. आता त्याला एका बोटाने ढकला. हलला नाही ना? तळहाताने ढकला. तरी नाही. आता खांदा लावा, पाय रोवा. अजूनही नाही.

तुम्ही म्हणाल, पेटारा नुसता बसला आहे, काहीच करत नाही. इथेच आपण चुकतो. तुम्ही बोट लावलेत तेव्हा पेटाऱ्याच्या बुडाने आणि जमिनीने एकमेकांना बोटाच्या जोराएवढेच धरून ठेवले. खांदा लावलात तेव्हा खांद्याच्या जोराएवढे. जेवढ्यास तेवढे. मात्र या धरून ठेवण्याला एक हद्द असते. ती ओलांडली की पेटारा एकदम सुटतो, आणि एकदा सुटला की त्याला सरकत ठेवायला मघाएवढा जोर लागत नाही. शाळेच्या पुस्तकात याला स्थितिक घर्षण म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. एवढे मात्र विसरू नका, की यात शाप नसतो, नजर लागणे नसते आणि कुणा बाईचा दोष तर मुळीच नसतो.

समुद्रकाठच्या सूर गावच्या रैयाला हे लहानपणीच कळले. पण कळण्याआधी तिला फार संतापावे लागले.

रैयाची आई तिला आठवतही नव्हती. ती खल्फानकाका आणि झुवैनाकाकीकडे वाढली. काका उस्ताद मर्हूनच्या हाताखाली गलबते बांधणारा सुतार. किनाऱ्यावरच्या सगळ्या पुरुषांना त्यांच्या मुलांच्या नावाने हाक मारत, अमक्याचा बाप, तमक्याचा बाप. काकाला मात्र नुसते खल्फान म्हणत, कारण त्याला मूल नव्हते. काकाला ते टोचे. काकीला काय टोचत असेल ते कुणी विचारले नव्हते.

त्या हिवाळ्यात नाखवा सुलैयमचे नवे गलबत तयार झाले. वाळूवर दोन लांब लाकडे समुद्राकडे उतरती मांडली होती, त्यांना बकऱ्याची चरबी चोपडली होती आणि टेकू काढून गलबताचा सगळा भार त्यांच्यावर सोडला होता. पण तो सोडल्यावर दोन दिवस असा वारा सुटला की डोळे उघडवेनात. म्हणून पौर्णिमेचे उधाण येईपर्यंत सगळे थांबले. गलबतही थांबले, आपले वजन घेऊन, त्याच चरबीवर.

उधाणाच्या सकाळी सगळे सूर किनाऱ्यावर लोटले. समुद्रात नांगर टाकून गलबताला बांधलेले दोन दोरखंड त्याच्या कप्पीतून परत वाळूवर आणले होते. एक खलाशांच्या हातात, दुसरा सुतारांच्या. आमच्याकडे दोर गाण्यावर ओढतात. एक जण ओळ उचलतो, बाकीचे तिच्या शेवटी जोर लावतात. खलाशांचा गाणारा होता फरज आणि सुतारांचा मबरूक. फरजने रचलेली ओळ मबरूकने एका लग्नात आपली म्हणून गायली होती, तेव्हापासून दोघे एकमेकांचे तोंड पाहत नव्हते. त्यामुळे फरजने एक गाणे उचलले आणि मबरूकने मुद्दाम दुसरे.

बायका पालथ्या घातलेल्या होड्यांच्या मागे उभ्या होत्या. रैया एका होडीवर चढून बघत होती. खलाशी ओढत तेव्हा सुतार दम घेत, सुतार ओढत तेव्हा खलाशी. दोर एकदा हा ताणला जाई, एकदा तो. गलबत मात्र ढिम्म.

"काकी, हे एकदम का नाही ओढत?" रैयाने विचारले.

"दोघांनाही आपला आवाज मोठा करायचाय ना," काकी म्हणाली. "गलबत राहिलं बाजूला."

उधाण कुणासाठी खोळंबत नाही. पाणी चढले, थोडा वेळ रेंगाळले आणि मागे फिरले. फरजचा घसा बसला, मबरूकचाही बसला, आणि गलबत होते तिथेच राहिले. नाखवा सुलैयमने दोर वाळूत फेकला आणि उस्तादकडे बघितले. काही बोलला नाही. एवढ्या माणसांसमोर त्या न बोलण्याचा भार उस्ताद मर्हूनला सोसवेना.

"माझ्या हातात दोष नाही," उस्ताद म्हणाला. "लाकडात दोष नाही. ह्या गलबताचा कणा कुणीतरी ओलांडलाय."



त्या किनाऱ्यावर एक समजूत होती. नव्या गलबताचा कणा, म्हणजे तळाचे पहिले लांब लाकूड, वाळूवर मांडला की मूल नसलेली बाई तो गुपचूप ओलांडायला बघते. ओलांडला की तिची कूस उजवते, पण त्याची किंमत गलबत तरी देते नाहीतर ते बांधणारा तरी. म्हणून कणा मांडल्यापासून फासळ्या चढेपर्यंत सुतार पाळीपाळीने पहारा देत.

"तेव्हा कण्याजवळ बाईच्या पावलांचे ठसे दिसले होते," गर्दीतून कुणीतरी म्हणाले.

"कुणाच्या पाळीला?"

"खल्फानच्या."

सगळी डोकी खल्फानकडे वळली आणि तिथून, एकाच हेलकाव्यात, होड्यांमागे उभ्या असलेल्या झुवैनाकडे. शेजारच्या बायका अर्धे पाऊल बाजूला सरकल्या.

रैयाला काकाच्या पाळीच्या संध्याकाळचे सगळे आठवत होते. गार वारा सुटला होता. पहाऱ्यावर बसलेल्या काकाने एका कोळ्याबरोबर निरोप पाठवला होता, शाल पाठव आणि गरम कॉफी पाठव. रैया कॉफीचे भांडे घेऊन निघाली होती आणि काकी शाल घेऊन. काकी लांबच थांबत होती. काकानेच हाक मारली, "अगं इथं कोण बघतंय, इकडं ये आणि ओतून दे." काकीने कणा ओलांडला नव्हता. ती त्याच्या जवळसुद्धा बसली नव्हती, उभ्या उभ्या कॉफी ओतून परत फिरली होती. हे तिघांना ठाऊक होते. त्यातले एक माणूस आता सगळ्यांच्या मधोमध उभे होते, आणि त्याने दोन वाक्ये बोलली असती तरी पुरे होते.

काका आपल्या पायांकडे बघत राहिला. पहाऱ्यावर असताना बाईला आपणच बोलावले, हे सांगायचे म्हणजे उस्तादच्या शिव्या खायच्या. काकाने शिव्या वाचवल्या.

दुपारी तो घरी आला तेव्हा उंबऱ्यातच थांबला.

"झुवैने, उद्या भरतीच्या आधी तू भावाकडं जा. खाडीपलीकडं, ऐजाला. थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती?"

"गलबत पाण्यात उतरू दे. मग बघू."

"काय बघू?"

काका भिंतीशी बोलावे तसे म्हणाला, "उस्ताद म्हणतोय, तू गावात असेपर्यंत ते हलायचं नाही."

"उस्ताद काय म्हणतोय ते अख्ख्या सूरनं ऐकलं. तू काय म्हणतोस?"

काकाने उगाचच वहाणा काढून उंबऱ्याशी ठेवल्या.

"काका," रैया म्हणाली, "कॉफी तुम्हीच मागवली होती."

"तू गप्प बस."

"शालसुद्धा. आणि इकडं ये म्हणून हाकसुद्धा तुम्हीच मारली."

"गप्प बस म्हटलं ना." आणि तो आला तसा निघून गेला. जाताना वहाणा घालायलाही थांबला नाही.

रैयाला वाटले, आता काकी रडेल. काकी रडली नाही. तिने डोक्यावरचे कापड घट्ट बांधले आणि म्हणाली, "चल. माझा पेटारा दारापर्यंत नेऊ. पहाटे गाढववाला येईल. माहेरून आणलेली वस्तू आहे, ह्या घरात नाही ठेवायची."

"तू जाणार?"

"इथं राहून काय करू? ज्याला माहीत आहे तोच बोलत नाही."

पेटारा आतल्या खोलीच्या कोपऱ्यात होता. काकी लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिथेच. रैयाने एका टोकाला खांदा लावला. राग इतका होता की पेटारा भिंतीतून पार जाईल असे तिला वाटले. पेटारा केसभरही हलला नाही. तिने दात आवळून पुन्हा ढकलले आणि घसरून खाली बसली.

"सर बाजूला," म्हणून काकीने जोर लावला. तिच्या कपाळावरची शीर फुगली. काही नाही. ती दम घ्यायला टेकली तशी रैया पुन्हा उठली. ती थकली तशी काकी. असे किती वेळ चालले असते कोण जाणे. एकदम काकी थांबली.

"आपण काय करतोय बघ. मी ढकलते तेव्हा तू बसतेस, तू ढकलतेस तेव्हा मी. तो एकेकीला पुरून उरतोय. दोघींचा जोर एका वेळी पडला तर त्याची काय टाप आहे. इकडं ये, माझ्या शेजारी. मी 'हं' म्हटलं की."

दोघींनी खांदे लावले.

"हं."

पेटारा करकरला आणि सुटला. सुटला तो असा, की रैया तोंडावर आपटता आपटता वाचली. मग तो सरसर निघाला, जणू मघाचा हट्टी पेटारा हा नव्हेच. खोलीच्या मध्यावर काकीच्या डोक्यावरचे कापड सुटले, ते सावरायला ती थांबली, आणि पेटारा पुन्हा बसला. आता ढकलला तर पुन्हा तसाच अडून.

"थांबायला नको होतं," काकी धापा टाकत म्हणाली. "एकदा चालला की चालता ठेवायचा असतो."

रैया मात्र पेटाऱ्याच्या जुन्या जागेकडे बघत होती. मातीच्या जमिनीत त्याच्या बुडाचे चार खोल वळ उमटले होते. आपल्याच वजनाने त्याने जमिनीत बैठक करून घेतली होती. ती उकिडवी बसली, त्या वळांवरून बोट फिरवले आणि काकीकडे वळून म्हणाली, "काकी, ह्याला कुणी ओलांडलं होतं गं?"

काकी आधी समजलीच नाही. मग समजली. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिने कापडाच्या टोकाने रागाने पुसले.

"ते दोन गाढव," ती म्हणाली, "आपापली गाणी गात बसले, आणि शाप माझा."

"काकी, उद्या त्यांनी एकदम ओढलं तर गलबत हलेल ना?"

"हलेल की. न हलायला काय झालंय."

"आणि तू ऐजाला असशील."

काकीचा हात तसाच हवेत राहिला. रैयाने पुढे काही म्हणायची गरजच नव्हती. काकी गावातून गेली आणि गलबत हलले, की झाले. मग किनाऱ्यावरच्या प्रत्येक माणसाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असेल. बया गेली आणि गलबत सुटले. त्याच्यापुढे मग कुणाची साक्ष चालणार? काकी जन्मभर ऐजाला भावाच्या घरी बसली असती, आणि गलबत मजेत आफ्रिकेच्या फेऱ्या करत राहिले असते.

"तू जाऊ नकोस," रैया म्हणाली. "तू किनाऱ्यावर उभी राहा. सगळ्यांना दिसशील अशी."

"मला उभी राहू देतील?"

"मी नाखव्यालाच विचारून येते." आणि ती निघालीसुद्धा.

ऊन उतरले होते. नाखवा सुलैयम एका ओंडक्यावर बसून कॉफी पीत होता. उस्ताद मर्हून शाप उतरवायला उद्या कापायच्या बकऱ्याच्या पाठीवर हात फिरवत होता. रैया आधी त्यांच्याकडे गेलीच नाही. ती गलबताच्या पोटाखाली वाकली आणि लाकूड नखाने खरवडू लागली. कडेला चरबीचे गोळे बाहेर आले होते, वाळूत लोळून काळे पडलेले. पण गलबत जिथे टेकले होते तिथे लाकूड कोरडे होते, आणि फटीत वाऱ्याने आणलेली वाळू बोटांना टोचत होती.

"ए, कुणाची पोर ही?" उस्ताद ओरडला.

"झुवैनाकाकीची," रैया म्हणाली आणि बाहेर आली. "ह्याच्याखाली चरबीच नाहीये. सगळी पिळून बाहेर आलीय. आत वाळू आहे."

"आता ही मला चरबी शिकवणार. पोरी, तुझ्या आज्याची गलबतं मी पाण्यात लोटलीत."

"तेव्हा किती जण गात होते?"

नाखव्याला कॉफीचा ठसका लागला. उस्ताद काहीतरी म्हणणार, तोच नाखव्याने हात वर केला. तो उठला, स्वतः वाकला आणि लाकडावरून बोट ओढून बघितले. बोट पुसत तो उस्तादला म्हणाला, "कोरडं आहे."

"दोन दिवस वारा होता, नाखवा. वाऱ्याला मी काय करू?"

"मग सकाळी वाऱ्याचं नाव का नाही घेतलंस?" असे रैयाने म्हटले नाही. नाखव्यानेही म्हटले नाही. कुणीच म्हटले नाही, आणि खरे तर तिथेच ते कुणीतरी म्हणायला हवे होते.

"उद्या पाचरी ठोकून उचल," नाखवा म्हणाला. "नवी चरबी, वर मुशी माशाचं तेल. आणि गाणं एकच. फरज गाईल."

"मबरूक रुसेल."

"मबरूक ढोल वाजवेल. रुसून वाजवला तर जास्त जोरात वाजेल." तो रैयाकडे वळला. "झालं समाधान?"

"नाही. काकी किनाऱ्यावर उभी राहणार. तिला हाकलायचं नाही."

"का गं?"

"ती गेली आणि मग हललं, तर तुम्ही सगळे म्हणाल ती गेली म्हणून हललं."

नाखव्याने दाढी खाजवली. "म्हणू खरं," तो शेवटी म्हणाला. "मीसुद्धा म्हणेन. आणि ती उभी असताना नाही हललं तर?"

याचा विचार रैयाने केला नव्हता. "तर परत चरबी लावा," ती म्हणाली.

"ही पोर विचारायला आलेली नाही, हुकूम सोडायला आलीय," नाखवा हसून म्हणाला. "राहू दे उभी. मला गलबत पाण्यात पाहिजे. किनाऱ्यावर कोण उभं आहे ते मी कशाला बघू?"

"पण बकरा कापायचाच," उस्ताद म्हणाला.

"काप. भूक लागेलच सगळ्यांना."

पहाटे गाढववाला आला, त्याला काकीने दारातूनच परत पाठवले. काका त्या रात्री सुतारांबरोबर किनाऱ्यावरच झोपला होता. त्याला कळले तेव्हा झुवैना त्याच्यासमोर, होड्यांच्याही पुढे, वाळूवर येऊन उभी होती. डोक्यावरचे काळे कापड घट्ट, मान सरळ. दोन्ही बाजूंच्या बायका तिच्यापासून सरकल्या होत्या, त्यामुळे ती आणखीच दिसत होती. शेजारी रैया, तिचा हात धरून.

उस्तादच्या माणसांनी पाचरी ठोकल्या, तरफा लावल्या, गलबत बोटभर उचलले. वाळू झाडली, चरबी थापली, वरून मुशीचे तेल ओतले. त्याचा वास थेट मशिदीपर्यंत गेला असेल. बकरा कापला, रक्त पुढच्या फळीवर शिंपडले. पाणी चढत चढत लाकडांच्या टोकाला लागले. मबरूकने कुणाकडे न बघता ढोल गळ्यात घातला. फरजने ओळ उचलली.

पहिल्या ओढीला दोन्ही दोर एकदम ताठ झाले. त्यांतून पाणी ठिबकले. गलबत कण्हले, बस्स.

"बघा," बायकांतून कुणीतरी कुजबुजले. "ती उभी आहे ना."

रैयाने काकीच्या बोटांत बोटे घट्ट रोवली. दुसरी ओळ. ढोलाचा ठोका पडला, सगळ्या टाचा एकाच वेळी वाळूत रुतल्या, आणि गलबत सुटले. आधी हातभर. ओढणारेच इतके चकित झाले की त्यांचे हात सैल पडणार होते.

"आता थांबू नका रे," काकी पुटपुटली, "आता थांबू नका." तिचे कुणी ऐकले नाही, पण मबरूकला ते ठाऊक असावे. त्याने ढोल थांबवला नाही, उलट जलद केला, आणि गलबत लाकडांवरून धूर काढत समुद्रात गेले. पाण्यात शिरताना त्याने एवढी मोठी लाट उठवली की उस्ताद कंबरेपर्यंत भिजला.

लोक नाचले. मुले पाण्यात उड्या मारू लागली. रैया उस्तादच्या तोंडाकडे बघत उभी होती. आता तो बोलेल. आता त्याला बोलावेच लागेल.

उस्ताद बोलला. "अल्लाची कृपा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "रक्त पडलं आणि शाप उतरला."

"उतरला, उतरला," लोक म्हणाले.

"बकरा मोठा होता म्हणून," आणखी कुणी म्हणाले.

रैयाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. गलबत काकीच्या डोळ्यांसमोर हलले होते. चरबी लावली म्हणून हलले होते, एका ढोलावर ओढले म्हणून हलले होते. ती चरबी थापणारे हात तर अजून बरबटलेलेच होते, आणि तेच हात आता आभाळाकडे वर करून शाप उतरल्याबद्दल आभार मानत होते. शाप उतरला, म्हणजे तो होता. तो होता, म्हणजे कणा ओलांडला होता. काकी तिथल्या तिथे दोषी राहिली होती, फक्त आता तिला माफी मिळाली होती.

एक शेजारीण मोठ्या मनाने पुढे आली आणि काकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे झुवैना. देवानं तुला माफ केलं."

"कशाबद्दल?" काकीने विचारले.

शेजारीण हात काढून घेऊन बकऱ्याच्या मांसाकडे गेली.

दोघी घरी परतल्या तेव्हा पेटारा खोलीच्या मध्यावर तसाच होता, ना जुन्या जागी ना दाराशी. काकीने त्याला वळसा घालून चूल पेटवली. थोड्याच वेळात काका आला. हातात भाताची आणि मांसाची परात, चेहऱ्यावर कालपासून न दिसलेले हसू.

"सुटलं एकदाचं. चला, हा पेटारा जागेवर लावू. लोक कॉफीला येतील, मधेच काय ठेवलाय म्हणतील." त्याने परात खाली ठेवली आणि बाह्या सारल्या. "जे झालं ते झालं, झुवैने. आता तो विषय नको."

काकी चुलीकडे तोंड करून बसली होती. तिने वळून बघितले नाही.

काका पेटाऱ्याला हात घालणार, एवढ्यात रैया पेटाऱ्यावर चढून बसली.

"उतर गं."

"नाही."

काकाने हसत खांदा लावला. पेटारा हलला नाही. त्याने पुन्हा जोर लावला, या वेळी न हसता. तरीही नाही.

"माझं वजन वर आलं ना," रैया म्हणाली, "की तो जमिनीला आणखी घट्ट धरतो."

"म्हणूनच म्हणतोय, उतर."

"आधी किनाऱ्यावर जाऊन सांगा, त्या संध्याकाळी कॉफी कुणी मागवली होती आणि हाक कुणी मारली होती."

"सगळ्यांसमोर?"

"ते सगळ्यांसमोरच बोलले होते."

काकाने झुवैनाकडे बघितले. पोरीला गप्प बसव, असे त्याच्या नजरेत होते. झुवैना उठली. तिने जमिनीवरची परात उचलली, नीट झाकली आणि फडताळात वर ठेवली. "तू येईपर्यंत गार होणार नाही," ती म्हणाली.

मग रैयाने काय केले सांगू? ती पेटाऱ्यावर थोडी बाजूला सरकली आणि शेजारच्या जागेवर हाताने थाप मारली. काकी येऊन तिथे बसली. काका पेटाऱ्यावर हात टेकून उभाच होता, ढकलतही नव्हता आणि सोडतही नव्हता. त्याच्याकडे बघत रैयाने जमिनीला लागलेले आपले दोन्ही पाय वर उचलून पोटाशी घेतले, म्हणजे तिचे सगळेच्या सगळे वजन पेटाऱ्यावर यावे, आणि एक बोट दाराबाहेर, किनाऱ्याच्या दिशेने धरले.